फायरवॉलचा वेब लॉग बंद करू नका, बाहेर पाठवा

पीएफसेन्स या फायरवॉलवर एनजिनएक्सचा, म्हणजे तिथल्या वेब सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांचा, लॉग उघडला की पानभर एकच ओळ दिसते: पोस्ट, गेटस्टॅट्स.पीएचपी, २०० (विनंती यशस्वी). हा हल्ला नव्हे. कुणीतरी डॅशबोर्डचा टॅब उघडा ठेवून जेवायला गेलेलं असतं आणि तो टॅब सीपीयू-मेमरीचे आकडे विचारत बसतो.

आमच्या पतसंस्थेत नवीन लागलेला मुलगा म्हणाला, "सर, हा कचरा बंदच करूया का?" मी ठाम नाही म्हटलं. लॉगइन कुणी केलं ते जनरल लॉगमध्ये येतं. नियम बदलला तर कॉन्फिग हिस्टरीत, म्हणजे सेटिंगमधल्या बदलांच्या नोंदीत, दिसतो. पण आत शिरून काहीच न बदलता डायग_बॅकअप.पीएचपी या बॅकअपच्या पानावरून अख्खं कॉन्फिगरेशन उतरवून घेतलं तर? त्या फाइलमध्ये व्हीपीएनच्या चाव्या असतात, पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात. तिचा माग मुख्यतः याच लॉगमध्ये लागतो.

अडचण जागेची आहे. मूळ सेटिंगप्रमाणे फाइल साधारण ५०० केबीची झाली की बाजूला ठेवून नवी सुरू होते आणि जुन्या ७ ठेवल्या जातात. दर १० सेकंदांना एक ओळ धरली तर दिवसाला ८,६४० ओळी. ओळ २०० बाइटची म्हटली तरी अडीच दिवसांत सगळं पुसलं जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, तेही भारतातच, ठेवायचे आहेत. फायरवॉलच्या बॉक्सवरच्याच फाइली वाढवत नेणं मला पटत नाही. स्वस्त उपकरणातली ईएमएमसी (साठवणुकीची चिप) सततच्या लिखाणाने झिजते. लॉगचा /व्हार फोल्डर रॅम डिस्कवर, म्हणजे मेमरीतच, असेल तर वीज गेली की शेवटच्या बॅकअपनंतरचं सगळं गेलं.

म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवणारा रिमोट सिसलॉग चालू केला, 'एव्हरीथिंग'वर टिक केली. ऑफिसातल्या जुन्या डेबियन (लिनक्स) मशीनवर आरसिसलॉग हा प्रोग्राम एनजिनएक्सच्या ओळी वेगळ्या फाइलीत टाकतं आणि लॉगरोटेट त्या रोज दाबून १८० दिवस सांभाळतं. गेटस्टॅट्सच्या ओळी मी गाळत नाही. सारख्याच असल्यामुळे जीझिपने दाबल्यावर त्या फारच लहान होतात, आणि टॅब कुठल्या मशीनवर किती वेळ उघडा होता तेही त्यांतूनच कळतं.

लॉगचा फॉरमॅट मात्र आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या नव्या मानकावर न्या. जुन्या ३१६४ मध्ये ना वर्ष येतं ना टाइमझोन. डिसेंबरचे लॉग जानेवारीत चाळताना फार त्रास होतो. घड्याळही एनआयसी या सरकारी संस्थेच्या एनटीपीशी (वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) जुळवून घ्या, सर्ट-इनला तेही हवं असतं.