हिरवं टोपण

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबतची मिरवणूक. इतवारी-महाल गच्च, लॅबमध्ये निम्मी माणसं गैरहजर. तापाच्या पेशंटांना काय त्याचं! पावसाळ्यात कूलर बंद होतात, टाक्यांतलं पाणी तसंच राहतं, आणि डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाचं फावतं.

सकाळच्या रनमध्ये एका बाईचं सॅम्पल होतं. ताप दुसऱ्या दिवसाचा, सांधे इतके धरलेले की कपबशी उचलवेना. डेंग्यूच्या कार्ड टेस्टवर एनएस1 (विषाणूचं प्रथिन) निगेटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गाची अँटिबॉडी) निगेटिव्ह. आयजीएमचं नवल नाही, ते साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. त्याआधी रक्तात विषाणूचा आरएनए शोधायचा, म्हणून आरटी-पीसीआर. डॉक्टरांचा कौल चिकुनगुन्याला. फोनवर म्हणाले, "डेंग्यू नाही एवढं सांगा, डायक्लोफेनॅक देऊन टाकतो." डेंग्यूत ते वेदनाशामक दिलं तर रक्तस्रावाची भीती.

पीसीआरच्या स्क्रीनवर, जो सापडतो त्याची रेषा वर उठते. डेंग्यू सपाट, चिकुनगुन्या सपाट. 'निगेटिव्ह' टाइप करायला घेतलंही होतं. तेवढ्यात खालची रेषा दिसली: इंटर्नल कंट्रोलही सपाट. तो आम्हीच प्रत्येक सॅम्पलमध्ये घालतो, उठायलाच हवा. बाकी सगळ्या सॅम्पलच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) उठला होता. म्हणजे या एकाच सॅम्पलमध्ये रिॲक्शन अडकली होती. विषाणू आहे की नाही, हे कळायला मार्गच नव्हता.

"थांबा, पॅरासिटामॉलवरच ठेवा," असं डॉक्टरांना सांगितलं आणि वॉर्डात फोन लावला. प्लाझ्मा साध्या वायलमध्ये ओतून आला होता, मूळ ट्यूबचं टोपण आम्हाला दिसलंच नव्हतं. बऱ्याच चौकशीनंतर सिस्टर म्हणाली, "जांभळ्या टोपणाच्या ट्यूब संपल्या होत्या मॅडम, हिरव्यात घेतलं." हिरवं म्हणजे हेपॅरिन. ते रक्त गोठू देत नाही आणि पीसीआरच्या एन्झाइमलाही काम करू देत नाही. आम्हाला हवं असतं ईडीटीए, रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, जांभळं. तरी तिला काय बोलणार? आमच्या फॉर्मवर टोपणाच्या रंगाचा रकानाच नव्हता.

नव्या सॅम्पलसोबत आणखी एक ट्यूब मागवली, पेशंटच्या स्वतःच्या पेशींतला आरएनए टिकवणारी. विषाणू कोणता हे एक, पेशंट बिघडणार का हे दुसरं. स्टॅनफर्डच्या पूर्वेश खत्री यांच्या गटाने 2019 मध्ये 20 जनुकांच्या आरएनएवरून गंभीर डेंग्यूचा अंदाज बांधून दाखवला. आमच्यासाठी तो अजून अभ्यासाचाच विषय, त्या संध्याकाळी त्याचा उपयोग नव्हता.

वाट पाहताना नागपूरकडचा चांदीपुरा आठवला. 1965 मध्ये डेंग्यू-चिकुनगुन्याच्या साथीत तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तात तिसराच विषाणू निघाला आणि त्याला वस्तीचं नाव लागलं. (हा पसरतो वाळूमाशीने, डेंग्यू-चिकुनगुन्या डासांनी.) म्हणून 'डेंग्यू नाही तर चिकुनगुन्याच' हे मला कधी पटलेलं नाही.

तीनच्या सुमारास पेशंटचा दीर घामाघूम होऊन आला, थर्मोकोलचा डबा छातीशी धरून. "गाडी तं तिकडंच सोडली जी, घुसाले जागाच नव्हती. बर्फ पाहून घ्या." बर्फ शाबूत होता. शर्टावर मिरवणुकीतला गुलाल. "इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, ओरडत होते सारे. म्या म्हटलं, आमचीबी नेजो."

साडेसहाला कंट्रोल उठला, आणि त्याच्या कितीतरी आधी डेंग्यू-2 (डेंग्यूच्या चार प्रकारांतला एक), सीटी 19, म्हणजे एकोणिसाव्या फेरीतच रेषा वर; जितकी लवकर, तितका विषाणू जास्त. मग कार्डाचा फोटो मागवला. आयजीजीची, म्हणजे जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीची रेघ होती, फिकट, कुणी कळवलीच नव्हती. बाईला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला. अशांच्या रक्तात एनएस1 पुष्कळदा हुकतं.

प्लेटलेट पाचव्या दिवशी घसरले. ती वॉर्डातच होती, सलाईनवर. आठव्या दिवशी घरी गेली.

ती पहिली वायल अजून फ्रीजरमध्ये आहे. लेबलवर मी मार्करने लिहून ठेवलंय, 'हिरवं'.