टाचेतला दोरा

काटोल नाका कधी मागं पडला कळलंच नाही. गोरेवाड्याची गार हवा, मग फेटरी, तिथं तर्री-पोहे. तर्रीनं पोटात जी आग पडली ती कळमेश्वरपर्यंत विझली नाही. धापेवाड्याची, म्हणजे आमच्या विदर्भातल्या पंढरीची, ही माझी सहावी वारी. कोणता पाऊस कोणत्या वर्षी झोडपून गेला, आता सांगता येत नाही.

यंदा मात्र दिंडीपुढं छोटा हत्ती टेम्पो होता, त्यावर चार भोंगे. त्यातून कोणाच्यातरी मोबाइलमधला गजर चाललेला, आणि मागं आमचे वीस-पंचवीस टाळ असून नसल्यासारखे. विणेकरीबुवांचे ओठ तेवढे हलताना दिसत. मी दोनदा म्हटलं, बंद करा रे. “काकाजी, बाकीचे वाजवतात तवा कोनी बोलते का?” मंडळाच्या पोरानं तोंड बंद केलं माझं.

दुपारी ऊन निघालं. पाऊस पडून गेल्यावरचं आपल्याकडचं चिकट, आंबट ऊन. उजव्या टाचेला फोड आला. तो फुटेना आणि टेकूही देईना. चपलेवर राग काढून झाला, विठोबावर झाला, मग पुढं चालणाऱ्या माणसाच्या पाठीचा राग येऊ लागला. त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं. पखवाजाच्या ठेक्यावर पावली सुरू झाली, आणि मी पताकेची काठी म्हाताऱ्याच्या काठीसारखी टेकत लंगडत होतो.

दवाखान्यापाशी बंदोबस्ताच्या पोलीसबाईनं हात दाखवून गाडी थांबवली. भोंगे बंद. पोरं तापली, “आमालेच कायदा!” मी हायकोर्टाजवळ एका वकिलांकडं मुन्शी आहे, असल्या याचिका टाइप करण्यात अर्धं आयुष्य गेलं. दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, दिवसा ५० डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा नाही, हे २००० सालचे नियम मला पाठ आहेत. घटनेचं २५वं कलमसुद्धा आधी सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य म्हणतं, मग धर्म. पण पोरांचं दुखणं अगदीच खोटंही नाही. नियम सगळ्यांना, आणि हात मात्र कोणासमोर दाखवला जातो हे ज्याचं त्यालाच ठाऊक. १९२३ साली आमच्या नागपुरात मशिदीसमोरून वाजतगाजत जायला बंदी आली होती आणि तिच्याविरुद्ध दिंडी सत्याग्रह झाला होता. आमच्या महाल भागात ते अजून कालच घडल्यासारखं सांगतात. उलट २०२० साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आम्ही घरीच हरिपाठ म्हटला, तेव्हा कोणाला अपमान वाटला नाही. रोगच तसा होता. सरकारनं भोंगा खुशाल मोजावा, पण दर वेळी, दर दारापुढं मोजावा. टाळाला मात्र हात लावू नये.

भोंगे थांबल्यावर बुवांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. चिरका, जरा बेसूरच. मला रडू आलं. फोडामुळंही असेल.

“काकाजी, बसा इथं. चप्पल काढा न.” तीच पोलीसबाई. माझ्या मुलीएवढी. तिनं पाकिटातून सुई काढली, काडीवर तापवली, दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवली. “ओढू नका. पानी आपोआप निंगते.” ती वाकली तेव्हा कॉलरच्या आत तुळशीची माळ दिसली.

“बाहेर घालू देत नाहीत का?”

“कोनी काही म्हनलं नाही. ड्युटीवर आतच राहते ते.” मग मागच्या ट्रकला शिटी मारायला ती उठली. पाणी विचारायचं राहून गेलं, नावही.

दवाखान्यापासून लांब गेल्यावर पोरांनी भोंगे पुन्हा लावले. मी भांडलो नाही.

धापेवाड्यात गर्दी होती, दर्शन झालं. तिथल्या चंद्रभागेत पाय सोडून बसलो तेव्हा टाचेकडं पाहिलं. दोरा खाकी होता, शर्टाची बटणं शिवायचा. एक टोक पाण्यात हलत होतं.