ढिला कासरा

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मुलगा नागपूरहून गाडी घेऊन आला आणि मागच्या सीटवरून ब्रूनो उतरला. काळाभोर, भुवयांवर आणि पायांवर तपकिरी डाग, वजन ४५ किलो. रॉटवायलर. त्याच महिन्याच्या १२ तारखेला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं: २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, पाळलेल्यांची नसबंदी करा. त्या यादीत पिटबुल होता तसा रॉटवायलरही होता. घरातला कुत्रा बाहेर काढा असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. पण मुलगा भाड्याने राहायचा त्या इमारतीतल्या लोकांनी बातमी वाचली आणि त्याला आठवडाभराची मुदत दिली. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता काढलं म्हणून. तोवर ब्रूनो वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे तालुक्यातल्या आमच्या गावी, ओसरीच्या खांबाला बांधलेला होता.

मला त्याची भीती वाटत होती. आणि त्याहून जास्त भीती गावातल्या कुत्र्यांची. मी सात वर्षांची असताना एका गावठी कुत्र्याने माझी पिंढरी फोडली होती. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज दवाखान्याच्या पायरीवर मी आईचा पदर धरून रडायची. त्या कुत्र्याचा एक कान फाटलेला होता. पुढे पन्नास वर्षं फाटक्या कानाचं कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलत आले.

उन्हाळा लागला होता. दिवस वर आला की डांबरावर हात ठेववत नाही, म्हणून पाच वाजताच निघायचं. पहिल्या दिवशी आखरापाशी, गावची ढोरं सकाळी जमतात तिथे, तीन गावठी कुत्री भुंकत आली. त्यात एक काळतोंड्या होता, फाटक्या कानाचा. मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन आवळली आणि मागे ओढली. ब्रूनो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, गुरगुरला, लाळ उडाली. गाई सोडायला आलेल्या बाया बाजूला झाल्या. "काहून आणलं बाई हे? टीव्हीवर सांगतेत ना, मानसं फाडते म्हून," एक जण म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्या क्षणी माझंही तेच मत होतं.

पंधरा दिवस असंच चाललं. मग एक दिवस आमच्या गावच्या गायक्याने, म्हणजे गुराख्याने, मला थांबवलं. माणूस साठीच्या पुढचा, दोनशे ढोरं एका हाकेवर वळवणारा. तो म्हणाला, "कुत्रं नाही भेत बाई, तुमी भेता. कासरा ताणला का बैलबी मान वर करते. हे तं कुत्रं हाये. तुमी ढील देऊन पाहा."

बैलजोडी आमच्या घरी वडिलांच्या काळापासून होती. कासरा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही कुत्र्याच्या दोरीबाबत हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. गळ्याला फास बसला की कुत्र्याचं शरीर पुढे झुकतं, छाती वर येते, मान ताठ होते. समोरच्या कुत्र्याला ते आव्हानच दिसतं. मी ब्रूनोला सांभाळत नव्हते, दर वेळी समोरच्याच्या अंगावर उभं करत होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ब्रूनोच्या रेबीजच्या लसीला गेले तेव्हा डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ब्रूनोचं मागचं टोक दाखवलं. पिल्लू असतानाच पैदास करणाऱ्याने त्याची शेपूट कापली होती. "कुत्री लांबून शेपूट वाचतात," ते म्हणाले. "याची नाहीच. चेहरा काळा, त्यावरचे भाव दिसत नाहीत. हा काय म्हणतोय हे गावातल्या कुत्र्यांना कळायला वेळ लागतो, म्हणून ती भुंकतात." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दिसायला रुबाबदार व्हावा म्हणून कुणीतरी त्याची बोलायची सोयच काढून घेतली होती.

डॉक्टरांनी मला जात सोडून अंगाकडे बघायला लावलं. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे माझं पहिलं अज्ञान गेलं. उंच, ताठ, थरथरत हलणारी शेपूट वेगळी आणि कमरेसकट सैल डोलणारी वेगळी. तोंड घट्ट मिटलेलं, नजर खिळलेली, अंग लाकडासारखं झालं, तर तिथून निघायचं. तोंड बाजूला वळवणं, जमीन हुंगणं, जांभई देणं, ओठ चाटणं ही बहुतेक वेळा 'मला भांडण नको' अशी खूण. दोन कुत्री समोरासमोर सरळ रेषेत आणायची नाहीत, वळसा घालून जायचं. हुंगायला दोन-तीन सेकंद द्यायचे आणि प्रेमाने हाक मारून पुढे निघायचं.

गळ्याचा पट्टा काढून छातीचा घेतला. दोरी म्हणून सुती कासराच वापरला, चांगला लांब. आणि जाळीचं मुसकं आणलं, ज्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. मुसक्याबद्दल मला संकोच होता, लोक म्हणतील बघा, चावरा आहे. पण डवरणीच्या वेळी बैलालाही आपण मुसकं घालतोच, पिकात तोंड घालू नये म्हणून, आणि त्या बैलाला कुणी मारका म्हणत नाही. काही दिवसांतच मुसकं बघून लोक जवळून जाऊ लागले, मग माझा हातही सैल पडला.

उकडलेल्या अंड्याचे तुकडे डबीत घेऊन मी आखरापासून लांब, पांधणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी उभी राहायची. कुत्री दिसताहेत, पण ब्रूनो अजून अंडं खातोय, एवढं अंतर. खाणं थांबलं की आपण फार जवळ आलो. सुरुवातीला हे अंतर एका वावराएवढं होतं. मे संपता संपता ते बैलगाडीच्या लांबीवर आलं. मग गायकी त्याच्या चांदी नावाच्या कुत्रीला घेऊन धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, त्या बाजूने आणि मी ब्रूनोला घेऊन या बाजूने, एकाच दिशेने चालू लागलो. दोघंही पुढे बघत. पाचव्या-सहाव्या दिवशी चांदी धुरा ओलांडून आली, त्याचं मागचं अंग हुंगलं आणि पुन्हा आपल्या रस्त्याला लागली.

आणि तो काळतोंड्या! मी ज्याला सगळ्यात जास्त घाबरत होते तो त्या तिघांत सगळ्यात समजूतदार निघाला. ब्रूनो दिसला की तो वळसा घ्यायचा, मान फिरवायचा, गवत हुंगायचा. पहिल्या दिवसापासून तो हेच सांगत असणार. मी कानच बघत राहिले. आमचं गाव बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाच्या बाजूला आहे, बिबट गावाच्या कडेची कुत्री उचलतो. रात्रभर जागून राखण करणारी ही जनावरं अनोळखी आकार बघून भुंकणारच. सप्टेंबरात २८ तारखेच्या रेबीज दिनाच्या निमित्ताने आमच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांना लस टोचून घेतली, तेव्हा काळतोंड्याला मीच धरलं होतं.

उलट ज्याच्याबद्दल मी निर्धास्त होते त्याने घोळ केला. एका संत्र्याच्या बागेत लॅब्राडोर आहे. लॅब्राडोर म्हणजे भोळा, असं सगळेच धरून चालतात. तो सरळ रेषेत धावत आला आणि ब्रूनोच्या मानेवर पंजे टाकले. मागून मालक ओरडत होते, "काही करत नाही तो!" ब्रूनो गुरगुरला आणि दोष त्याच्यावर आला. लॅब्राडोर वाईट नाही, त्याला भेटायची रीत कुणी शिकवली नाही. पण "काही करत नाही" हे वाक्य ऐकलं की मी आता आधी वळसा घेते.

मुलाने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि काहींचा डीएनए तपासून केलेला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के त्याच्या जातीवरून समजतो. मी तो आकडा वहीत लिहून ठेवला.

कुत्र्याचीही 'जात'च म्हणतो आपण. माझ्या वर्गात पारध्यांच्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक मुलगा होता. कुणाची पेन्सिल हरवली की सगळ्या पोरांच्या नजरा त्याच्याकडे वळत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा जो शिक्का मारला, तो १९५२ साली कागदावरून गेला, नजरेतून गेला नाही. एकदा मीही आधी त्याच्याच दप्तराकडे पाहिलं होतं. पेन्सिल दुसऱ्याच्या बाकाखाली सापडली. माणसाच्या लेकराची कुत्र्याशी तुलना मी करत नाही, करू नये. माझ्या त्या दिवशीच्या नजरेची आणि आखरावरच्या नजरेची तुलना मात्र मला टाळता आली नाही.

सगळं सुरळीत झालेलं नाही. आमच्या फाटकापाशी कुणी कुत्रं आलं तर ब्रूनो अजूनही उसळतो. पोळ्याला ढोल वाजतात, गर्दी असते, त्या दिवशी त्याला मी आत ठेवते. लहान मुलं आली की बांधते. ४५ किलोचं जनावर चुकलं तर इजाही तेवढी मोठी होते, आणि ती जबाबदारी माझी आहे. गायक्याला मी सांगितलं की जर्मनीतल्या रॉटवाइल गावात या कुत्र्यांचे पूर्वज खाटकांची ढोरं हाकायचे, गाड्या ओढायचे. तो बराच वेळ ब्रूनोकडे पाहत राहिला. "मंग हा आपल्यातलाच हाये," म्हणाला, आणि त्या दिवसापासून ढोरं आखरातून निघताना आम्हाला मागे चालू देतो.

डिसेंबरात कच्छकडचे रबारी त्यांच्या मेंढ्या-उंटांसह आमच्या शिवारात उतरले. सकाळी धुकं होतं. पांधणीच्या वळणावर एक भलंमोठं, राखाडी, केसाळ कुत्रं उभं होतं. त्याची जात मला माहीत नाही. मी आधी शेपूट पाहिली, मग तोंड, मग अंग. शेपूट पाठीच्या रेषेत, तोंड अर्धवट उघडं. मी ब्रूनोला घेऊन तुरीच्या बाजूला धुऱ्यावर उतरले. पलीकडून मेंढपाळाने शीळ घातली. राखाडी कुत्र्याने मान फिरवली, जमीन हुंगली. ब्रूनोनेही हुंगली. माझ्या हातात कासऱ्याचा झोळ पडलेला होता आणि मेंढ्यांचा तो कळप बराच वेळ आमच्या शेजारून जात राहिला.