आधी जतन, मग पडताळणी, मग फोन

ऑनलाइन माध्यमांची बीट घेतलेले नवे बातमीदार पहिल्याच महिन्यात हमखास एक चूक करतात. व्हायरल क्लिप दिसली की टाकणाऱ्याला लगेच मेसेज जातो, ‘हे तुम्हीच शूट केलं का?’ तो घाबरतो, पोस्ट उडवतो आणि बातमीचा आधारच हातून जातो. म्हणून क्रम मोडायचा नाही. आधी जतन, मग पडताळणी, मग फोन.

जतन करताना शीटमध्ये चार रकाने भरायचे. पोस्टची लिंक, खात्याचं यूजरनेम, पोस्ट पडल्याची वेळ आणि आपण ती पाहिल्याची वेळ. लिंक वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, सेव्ह करायची. इन्स्टाग्राम-फेसबुकची पानं तिथं बहुतेकदा लॉगिनपाशीच अडकतात, तेव्हा स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं, तेही मध्ये न थांबवता. प्रोफाइल, पोस्ट, कॉमेंट्स, सगळं सलग. व्हिडिओ उतरवला की त्याच मिनिटाला एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, काढून पाचव्या रकान्यात टाका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हॅश लिहावा लागतो. प्रकरण कोर्टात पोहोचल्यावर काढलेल्या हॅशवरून मधल्या काळात फाइलला कुणी हात लावला नाही हे कळत नाही.

आता पडताळणी. नागपुरात पावसाचा जोर वाढला की अंबाझरी तलावाच्या क्लिप परत फिरायला लागतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ते व्हिडिओ ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून पुन्हा येतात. अशा क्लिपमधून पाच-सहा फ्रेम काढा. पहिली फ्रेम टाळा, कारण तिच्यावरच मजकूर आणि इमोजी चिकटवलेले असतात. चित्रावरून शोधणाऱ्या गुगल लेन्सवर काही मिळालं नाही तर यांडेक्स या दुसऱ्या सर्च इंजिनवर टाका. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर फ्रेमची डावी-उजवी बाजू उलटवून मगच शोधा. जुनी क्लिप ओळखू येऊ नये म्हणून ती आरशासारखी उलटवणारे पुष्कळ आहेत.

रस्ते बरंच सांगून जातात. सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रो धावताना दिसली, तर चाचणीच्या फेऱ्या सोडता क्लिप ११ डिसेंबर २०२२ च्या आधीची असू शकत नाही. एमएच ३१ किंवा ४९ पासिंगवर मात्र फार विसंबू नका, गाडी काय, कुठंही जाते. आवाज वेगळा ऐका. ‘काहून बे’ कानावर पडलं की इथलाच माणूस बोलतोय असं वाटतं, पण आवाज मागाहूनही चढवता येतो. कॅमेरा पाण्यापासून दूर वळतो, तरी पाण्याचा आवाज तसूभर कमी होत नाही, तिथं शंका घ्या.

सावलीवरून वेळ काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे-अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी इथं सावली जवळपास नसते, आणि असते ती दक्षिणेकडे. सूर्यही बाराला नव्हे, साधारण सव्वाबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. दुपारी चारची लांब सावली असेल तरच हिशेब करा.

त्यानंतर फोन. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटो-व्हिडिओतला मेटाडेटा (वेळ, ठिकाण अशी फाइलमधली नोंद) बहुतेक गेलेला असतो, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. इथं अनुभवी माणसंही फसतात. व्हिडिओतली वेळ बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, नोंदलेली असते. तिच्यात ते तास मिळवले नाहीत, तर २३ तारखेच्या पहाटे दोनचा व्हिडिओ २२ च्या रात्री साडेआठचा वाटतो. तेवढ्यावरून खऱ्या माणसाला खोटं ठरवणं फार वाईट. ‘खरंच तुमचा आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येतं. कुठं उभे होते, डाव्या हाताला काय होतं, याच्या आधीची आणि नंतरची क्लिप आहे का, हे विचारा. ज्याने शूट केलंय त्याच्या गॅलरीत मागेपुढे आणखी काही असतंच. मग त्या जागी स्वतः जाऊन कठडा, खांब, झाड जुळवून बघा. ही खुर्चीवर बसून करायची बीट नाही.

बातमी लिहिताना ‘फेक व्हिडिओ’ हा शब्द जपून वापरा. अंबाझरीचा व्हिडिओ खरा असतो, चुकीची असते ती तारीख, आणि नेमकं तेच लिहायचं. पीडित महिलेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख पटेल असं काही असेल, तर चेहऱ्यासोबत आवाज, गणवेश, घराची पाटीही झाका. आपलीच चूक निघाली तर लिंक तीच ठेवून दुरुस्ती वेळेसह सगळ्यात वर टाका, आणि सोशल मीडियावरच्या आपल्या पोस्टवरही. फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट आपोआप सुधारत नाही.

दोन पावसाळे नेमाने भरलेली ती शीट हीच या बीटवरची खरी कमाई. जुनी क्लिप परत आली की तिथं दोन मिनिटांत सापडते. दर शनिवारी तासभर काढून लिंका तपासा, बंद पडलेल्यांपुढे तारीख घाला आणि शीटची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.