गार सेट आणि फुटलेली गिटार

आज २०१५चा 'द हेटफुल एट' हा चित्रपट परत पाहिला; हिमवादळात एका खोलीत अडकलेल्या, एकमेकांवर संशय घेणाऱ्या माणसांची गोष्ट. या वेळी नजर चौकटीत मागे दिसणाऱ्या माणसांवर. ६५ मिमी रुंदीच्या फिल्मची निगेटिव्ह, प्रतिमा आडवी १.२५ पट दाबणारी लेन्स, पडद्यावर २.७६:१ची चौकट. एवढ्या रुंदीत एक जण बोलत असला तरी बाकीचे संशयित दिसतच राहतात. संवाद नसलेल्यालाही क्षणभर सैल सोडता येत नाही!

बर्फ कोलोरॅडोतलं, आतली खोली लॉस एंजेलिसच्या सेटवर. तोंडातून खरी वाफ निघावी म्हणून तो सेट गोठणबिंदूच्या आसपास गार ठेवलेला.

गिटारचं मात्र फार वाईट वाटतं. मार्टिन कंपनीची, १८७०च्या दशकातली, संग्रहालयातून आणलेली. मध्येच शॉट थांबवून नक्कल हाती द्यायची, मग आपटायची, असं ठरलं होतं. 'कट' झालाच नाही आणि अभिनेता कर्ट रसेलने अस्सलच फोडली. ती वाजवणाऱ्या अभिनेत्री जेनिफर जेसन लीची किंकाळी खरी आहे.