पन्हाळ्याला व्हीलचेअरवरून

२०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतल्या खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गला होडी लागते. राजगड आणि साल्हेरला पायच लागतात. पन्हाळ्याच्या माथ्यावर मात्र डांबरी रस्त्याने गाडी जाते, म्हणून व्हीलचेअर घेऊन एखादा किल्ला नीट पाहायचा तर आम्ही पन्हाळाच निवडतो. यंदा डिसेंबरात गेलो, आम्ही दोघं: एक खुर्चीत, एक मागे हँडलवर. खुर्ची साधीच, घडीची, हाताने चालवायची. मागची चाकं २४ इंची हवेची, पुढची छोटी चाकं भरीव रबराची.

गाडी वर जाते म्हणून खुर्ची वर फिरेलच असं नाही. उतार, जुनी दगडी फरशी, खडी आणि उंबरे तिथे सगळे भेटतात, आणि घरच्या गुळगुळीत फरशीवर लपलेला खुर्चीचा प्रत्येक दोष तिथे उघडा पडतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुण्यात तास-दीड तास खुर्चीला द्यायचाच.

आधी बसणं तपासावं. सीट आणि कंबर यांमध्ये दोन्ही बाजूंनी तळहात आडवा नाही, उभा सरकला पाहिजे, बस तेवढीच जागा. सीट रुंद असेल तर माणूस एका कुशीला कलतो, पाठ वाकडी होते आणि चाकाचं कडं (हाताने फिरवायची बाहेरची कडी) हातापासून लांब जातं. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. ते नसेल तर कड गुडघ्यामागे रुतते, आणि माणूस पुढे घसरून टेकत राहतो. फुटरेस्ट इतक्या उंचीवर हवी की मांडी गादीवर सपाट टेकेल. पाय फार वर असतील तर गुडघे उचलले जातात, सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि तिथेच जखम होते. फार खाली असतील तर फुटरेस्ट खड्ड्यात अडकते. जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर मोकळी ठेवायची. आमच्या खुर्चीत हे एका बोल्टवर आहे: ढिला करा, नळी वर-खाली करा, पुन्हा आवळा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, हे समोरून बसून बघायचं, वरून कळत नाही.

मग हवा. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो, तेवढी भरायची. पंपाला मीटर नसेल तर अंगठा जोरात दाबून बघा. ५ मिलिमीटरहून जास्त आत गेला तर हवा कमी आहे. हे ढकलायला हलकं जावं एवढ्यासाठीच करतात, असं पुष्कळांना वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे. साध्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबला जाणारा एक लोखंडी तुकडा. टायर मऊ झाला की तो तुकडा नुसता टेकतो, धरत नाही. ब्रेक ढिला झाला म्हणून लोक पान्याने आवळतात, आणि पंप मारल्यावर तोच ब्रेक इतका घट्ट होतो की लावताच येत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी हवा, मग ब्रेक.

ब्रेक सरकवायचा तर त्याच्या पट्टीचे दोन बोल्ट अर्धा आटा ढिले करायचे. पूर्ण काढायचे नाहीत. मोकळा असताना टायरपासून अर्धा सेंटिमीटर दूर, आणि लावल्यावर टायर तीन-चार मिलिमीटर दबलेला दिसला पाहिजे. दोन्ही लावून, माणूस बसलेला असताना, मागून जोराने ढकला. खुर्ची फरशीवर घसरली तरी चालेल, चाक फिरता कामा नये. एक बाजू धरते आणि दुसरी सुटते असं झालं तर माणूस उठताना खुर्ची गर्रकन वळते. पुष्कळ पडणी याच क्षणाची असतात.

पुणे ते कोल्हापूर रेल्वेने गेलो. दिव्यांगांचा डबा गाडीच्या एका टोकाला असतो, त्याचं दार रुंद आहे. गाडी लागायच्या आधी कोणतं टोक ते विचारून तिथेच थांबलेलं बरं, कारण पूर्ण फलाटभर खुर्ची पळवणं कुणाच्याच हिताचं नाही. चढताना खुर्ची उलटी करायची: मागची मोठी चाकं डब्याकडे, माणसाचं तोंड फलाटाकडे. पुढची छोटी चाकं आधी नेली तर ती फलाट आणि डबा यांच्या फटीत पडतात आणि माणूस पुढे फेकला जातो. मोठं चाक ती फट ओलांडतं. आत गेल्यावर दोन्ही ब्रेक, आणि खुर्ची शक्यतो गाडीच्या दिशेला आडवी न ठेवता सरळ ठेवायची; आडवी खुर्ची गाडी थांबताना एका कुशीला जाते. कमरेचा पट्टा जांघेवरून तिरपा, खाली आणि मागे ओढणारा हवा. पोटावर बांधलेला पट्टा माणसाला खाली घसरू देतो.

प्रवासभर एक काम घड्याळ लावून करायचं. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही किंवा कमी आहे, त्यांनी बैठकीवरचा दाब सुटावा म्हणून दर अर्ध्या तासाला पुढे वाकून छाती मांडीकडे न्यायची आणि दोन मिनिटं तशीच ठेवायची. हात टेकून स्वतःला उचलण्याची पद्धतही आहे, पण तेवढा वेळ कुणी उचलून धरत नाही, आणि खांदे झिजतात ते वेगळंच. वाकणं जास्त सोपं, जास्त उपयोगी. रात्री आरशाने किंवा दुसऱ्याच्या डोळ्याने त्वचा बघायची. बोटाने दाबूनही पांढरा न होणारा लाल डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही, मग पन्हाळा राहिला तरी चालेल.

कोल्हापुरात उतरल्यावर गाडी ठरवताना आम्ही नेहमी साधी कार मागतो. जीपमध्ये जागा जास्त वाटते, पण तिची सीट खुर्चीच्या सीटपेक्षा बरीच उंच असते आणि उचलून चढवण्यात पाठ जाते. कारची सीट जवळपास खुर्चीच्याच उंचीची असते. खुर्ची दाराशी तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, आणि पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून ठेवायची. मागे वळलेली असली तर खुर्चीचा पाया आखूड होतो आणि माणूस कडेला सरकताच ती पुढे कलंडते. फुटरेस्ट वर करूनच उठायचं. फुटरेस्टवर पाय ठेवून उभं राहणं म्हणजे खुर्ची डोक्यावर घेणं.

घडी करतानाही रीत आहे. आधी गादी काढा, फुटरेस्ट वर करा, मग सीटच्या कापडाला मधोमध पुढून-मागून धरून वर ओढा. उघडताना उलट: तळवे सपाट ठेवून सीटच्या दोन्ही नळ्या खाली दाबा, बोटं आतल्या बाजूला. नळीभोवती बोटं गुंडाळली की चिमटतात. नळ्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत पूर्ण बसल्या का ते बघा. अर्धवट उघडलेली खुर्ची वरून ठीक दिसते आणि पहिल्याच गतिरोधकावर मिटायला लागते. डिकीत खुर्चीवर बॅग ठेवू नका. हाताचं कडं वाकतं, आणि सायकलवाल्याच्या भाषेत चाक ‘आउट’ होतं.

घाट चढून वर गेलं की चार दरवाजाच्या जागी आपण किल्ल्यात शिरतो. दरवाजा इंग्रजांनी पाडला, आता तिथे रस्ता आहे आणि जवळच बाजीप्रभूंचा पुतळा. १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याची आठवण इथे कुणालाही करून द्यावी लागत नाही. इथून पुढे आम्ही गाडी सोडली.

गावातला रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो. सरकारी इमारतींच्या रॅम्पसाठी १ ला १२ हा उतार धरतात, म्हणजे फूटभर चढायला १२ फूट लांबी. ६ इंची एका पायरीला ६ फूट फळी लागते. म्हणून तीन फुटी घडीची रॅम्प घेऊन लोक फसतात, ती दुप्पट चढ देते. गडावरचे रस्ते काही या हिशोबाने बांधलेले नाहीत. चढावर खुर्चीतल्या माणसाने पुढे वाकायचं. वजन मागच्या चाकाच्या मागे गेलं की पुढची चाकं उचलतात आणि खुर्ची उताणी होते. याच कारणाने हँडलला बॅग अडकवायची नाही. पाच किलोची बॅग घरात जाणवत नाही, चढावर मात्र तीच खुर्ची पाडते. आमचं सामान सीटखाली असतं. मागच्या चाकाचा आस पुढे सरकवता येणारी खुर्ची असेल तर ढकलायला हलकी होते, पण उताणी व्हायला तितकीच तयार. अशा खुर्चीला गडावर मागची आधाराची छोटी चाकं लावूनच जावं.

उतारावर ब्रेक वापरायचे नाहीत. ते थांबलेली खुर्ची थांबवून ठेवायला आहेत. चालत्या चाकावर एक ब्रेक आधी धरला की खुर्ची त्या बाजूला झटक्याने फिरते. स्वतः उतरत असाल तर मागे टेकून बसा आणि कडं दोन्ही हातांतून सारख्या दाबाने सरकू द्या. मध्येच पकडायचं, मध्येच सोडायचं नाही. कडं तापतं, म्हणून हातमोजे. सकाळी धुक्याने कडं ओलं असतं आणि हातातून निसटतं, तेव्हा आधी फडक्याने पुसून घ्या. उतार तीव्र असेल तर मागच्या माणसाने खुर्ची उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून, पाठमोरं उतरावं. सगळं वजन मग आपल्या अंगावर येतं, खुर्चीतला माणूस पाठीला टेकलेला राहतो आणि पुढे पडत नाही. पाय जमिनीवर सपाट, पावलं लहान, दर चार पावलांना खांद्यावरून मागे बघायचं. निघण्याआधी हँडलचे रबरी ग्रिप पिळून बघा. फिरणारा ग्रिप ओढताना हातात निघून येतो. तो आम्ही घरीच सुकवून, चिकटवून घेतो.

रस्त्याची कड गटाराकडे उतरती असते, तिथे खुर्ची सारखी कडेला ओढली जाते. खालच्या बाजूच्या हाताला जास्त जोर लावावा लागतो आणि तासाभरात तोच खांदा दुखतो. सपाटीवरही खुर्ची एकाच बाजूला जात असेल तर कारण वेगळं: एका टायरमध्ये हवा कमी, किंवा एक ब्रेक घासतोय.

तीन दरवाजापाशी खुर्ची आत जाते, पण दगडी फरशीच्या सांध्यांत छोटी चाकं अडकतात. अशा जागी खुर्ची मागच्या दोन चाकांवर न्यायची. खुर्चीतल्याला आधी सांगा, मग मागच्या खालच्या दांड्यावर पाय दाबा आणि त्याच वेळी हँडल खाली ओढा. नुसते हात वापरले तर कंबर धरते. हँडल हलकं वाटू लागेल तिथे तोल सापडला. तसंच पुढे चालत राहायचं. खडीवर आणि तांबड्या मातीतही हेच. उंबरा चढताना छोटी चाकं उचलून पलीकडे टेकवायची, मग मोठी चाकं उंबऱ्याला भिडवून गुडघ्याच्या जोराने पुढे लोटायची. उतरताना पाठमोरं, मोठी चाकं आधी. इतकं जमलं की दरवाजाच्या आतलं कोरीव काम आणि फारसी शिलालेख शांतपणे बघता येतात. शेजारची अंधारबाव पायऱ्यांची आहे, ती वरूनच.

अंबारखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, कोठ्या बाहेरून आणि दारातून दिसतात. सज्जा कोठीचा वरचा मजलाही पायऱ्यांचाच. आजूबाजूची मंडळी लगेच ‘उचलतो’ म्हणत धावून येतात, मनापासून येतात. पण खुर्ची कुठे धरायची हे त्यांना माहीत नसतं, आणि हातात येतो आर्मरेस्ट किंवा फुटरेस्ट, जो निघून येतो. उचलायचंच असेल तर एकजण हँडलला, दुसरा समोर खाली बसून मुख्य चौकटीच्या नळीला. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, उतरताना तोंड खाली. बोलणारा एकच, मागचा. मोजून एकेक पायरी. आम्ही सज्जा कोठीवर गेलो नाही. दरी खालूनही दिसते, आणि अरुंद पायऱ्यांवर चार अनोळखी हातांचा भरवसा धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

झुणका-भाकरीच्या ठिकाणी टेबलाखाली आर्मरेस्ट जात नाहीत. निघणारे असतील तर काढून बाजूला ठेवा, जेवण झाल्यावर लावा आणि खिटी बसल्याचा आवाज ऐका.

मुक्काम कोल्हापुरात होता. १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून बाहेर २६ इंचांच्या आसपास भरते, आणि बाथरूमचं दार पुष्कळदा दोन फुटीच असतं. म्हणून फोनवर ‘व्हीलचेअर जाते का’ असं न विचारता दार मोजायला सांगावं. रात्री चाकं पुसली, छोट्या चाकांच्या आसात गुंतलेले केस आणि दोरे चिमट्याने ओढून काढले. ते राहिले की छर्रे जाम होतात, चाक फिरायचं सोडून घासत जातं. आरे दोन-दोन चिमटून बघितले, सगळे सारखे ताठ. नंतर अंगठा दाबला तर डावा टायर मऊ. बाभळीचा काटा होता, बारीक. सकाळी सायकलवाल्याकडे ठिगळ लावलं, टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शिल्लक नाही ना ते बघितलं, हवा भरली. आदल्या संध्याकाळी डावा ब्रेक जरा मोकळा वाटला होता. पाना न लावताच तो पुन्हा धरायला लागला.