मण्यातले जिवाणू : आमची वाटचाल

आमच्या छोट्या उद्योगाची दिशा एका परत आलेल्या मालाने ठरवली. थंड तापमानात साठवल्या जाणाऱ्या तयार मांसपदार्थांसाठी आम्ही लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या उपकारक जिवाणूंची पूड पुरवत होतो. अपायकारक जिवाणूंना ती आवर घालत असे, यात शंका नव्हती. पण मोकळे सोडलेले जिवाणू पदार्थातली साखर वापरून इतके आम्ल तयार करत, की मुदत संपण्याआधीच चव आंबट होई. ग्राहकाची तक्रार रास्त होती आणि आम्ही ती मान्य केली.

तरीही हे काम सोडवेना, कारण समोरचा शत्रू साधा नव्हता. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू ४ अंश सेल्सिअसलाही वाढत राहतो. ज्या शीतपेटीवर आपण विसंबतो, तिच्यात इतर जिवाणू मंदावतात आणि याला मात्र रान मोकळे मिळते. गर्भवती स्त्रीला झालेला त्याचा संसर्ग पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. लॅक्टोबॅसिलस सेकाय (२०२० च्या नव्या वर्गीकरणात त्याला लॅटिलॅक्टोबॅसिलस म्हणतात) हा लॅक्टिक आम्ल तयार करणारा उपकारक जिवाणूही थंडीत तग धरतो आणि त्याचे काही वाण लिस्टेरियाला मारणारी सॅकासिन नावाची लहान प्रथिने तयार करतात. अशी प्रथिने शुद्ध स्वरूपात मिसळता येतातच. १९२८ पासून अभ्यासले गेलेले निसिन आज अनेक देशांत परिरक्षक म्हणून वापरले जाते. परंतु मिसळलेल्या प्रथिनांचा काही भाग पदार्थातल्या स्निग्धांशाला चिकटून निकामी होतो, तर जिवंत जिवाणू ती जागेवरच पुन्हा पुन्हा बनवू शकतो. म्हणून जिवाणू जिवंत हवा होता, फक्त त्याचा वेग आणि पसारा आवाक्यात हवा होता.

त्यासाठी आम्ही आवरणाकडे वळलो. तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले, की कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि सुमारे २ मिलिमीटरचा मऊ मणी तयार होतो. त्याच्या जाळीतून साखर आत जाते, आम्ल आणि सॅकासिन बाहेर येते, पण जिवाणू बहुतांशी आतच राहतो. आतली दाटी आणि साखरेचा सावकाश पुरवठा यांमुळे आंबटपणाही हळू वाढतो.

पहिले मणी प्रयोगशाळेत उत्तम ठरले आणि प्रत्यक्ष पदार्थात विरघळून गेले. पाणी धरून ठेवण्यासाठी त्या मांसात फॉस्फेट घातले होते आणि फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते. हे आम्हाला आधी सुचायला हवे होते, कारण मण्यातले जिवाणू मोजताना आम्ही स्वतःच सोडियम सायट्रेटने याच प्रकारे मणी विरघळवत होतो. तसे न केल्यास असंख्य जिवाणूंचा एक मणी एकच वसाहत (ताटलीवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) म्हणून मोजला जातो. पुढे मण्यांवर कायटोसॅनचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) थर दिला. त्याचा धन विद्युतभार अल्जिनेटच्या ऋण भाराला घट्ट धरतो, त्यामुळे मणी बराच काळ टिकू लागले. वाळवण्याने मात्र आम्हाला सर्वांत जास्त दमवले. गरम हवेने जिवाणू मरत, म्हणून ट्रेहॅलोज साखर घालून गोठवून वाळवण्याचा महागडा मार्ग स्वीकारावा लागला, आणि तो निर्णय आजही योग्य वाटतो.

साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्याभोवती जास्तीचे बाह्यपटल असते, त्यामुळे सॅकासिन त्यांच्यावर चालत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवतो. अलीकडे एका उत्पादकाने काप करणाऱ्या यंत्राची रोजची स्वच्छता कमी करता यावी म्हणून मणी मागितले. लिस्टेरिया अशा यंत्रांच्या सांध्यांत चिवट थर करून राहतो आणि तिथे आमचे मणी पोहोचत नाहीत, असे सांगून आम्ही त्याला आधी पाती व सांध्यांवरचे नमुने तपासून घ्यायला लावले. अहवाल निर्दोष येईपर्यंत त्याची मागणी आम्ही थांबवून ठेवली आहे.